काऊन्सिलच्या टॉवरमधून हलवतायत: कायमचं जावं, परत यायच्या बोलीवर जावं, की बसून राहावं?

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या मावशींकडे काऊन्सिलचं (म्हणजे इथल्या पालिकेचं, तिच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये त्या भाड्याने राहतात) चार पानी पत्र आलं, इमारत स्ट्रक्चरली सेफ नाहीये, तुम्हाला 'डिकँट' करणार. मावशी मूळच्या कल्याणच्या, तीस वर्षं लंडनात, इंग्रजी फाडफाड बोलतात, पण हा शब्द त्यांनाही कळेना. वाइन एका बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओततात ना त्याला डिकँट म्हणतात, आणि इथले हाउसिंग ऑफिसर तो शब्द सरळ माणसांना लावतात, म्हणजे या घरातून काढून दुसऱ्या घरात हलवणं. असो. अशी पत्रं लोकांना वाचून द्यायचं काम मी बरीच वर्षं फुकटात करतोय, आणि प्रश्न दरवेळी तोच असतो, जायचं तर कुठल्या अटीवर. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. हे फक्त इंग्लंडपुरतं आणि फक्त काऊन्सिलच्या भाडेकरूंसाठी आहे बरं का. फ्लॅट विकत घेतलेल्यांचं गणित वेगळं, त्यांना बाजारभाव अधिक दहा टक्के वगैरे, त्यात आत्ता शिरत नाही.

आधी भीती खरी आहे का ते बघू, कारण "काऊन्सिलला जागा बिल्डरला द्यायचीय म्हणून नाटक चाललंय" असं म्हणणारे प्रत्येक मजल्यावर दोन तरी असतात. साठच्या दशकात इथे काँक्रीटचे तयार स्लॅब कारखान्यातून आणून एकावर एक रचून टॉवर बांधले, पत्त्यांचा बंगलाच म्हणा ना. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार जण गेले. त्यानंतर नियम आला की गॅस असेल तर भिंतीने चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन दाब सोसला पाहिजे, गॅस नसेल तर १७. २०१७ मध्ये लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, मग सगळीकडे तपासण्या सुरू झाल्या आणि लंडनमध्ये पेकहॅमच्या लेडबरी इस्टेटच्या (म्हणजे वसाहतीच्या) चार टॉवरना भेगा असल्याचं पुढे आलं, तिथला गॅस तोडला. लंडनमधल्याच टॉटनहॅमच्या ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीत टँगमिअर आणि नॉर्थोल्ट हे दोन ब्लॉक तर १७ च्या परीक्षेतही नापास झाले. तेव्हा नाटक म्हणून पत्र फाडून टाकू नका. पण रिपोर्टची कॉपी मागा, हक्काने मागा.

आता पर्याय. पहिला, काऊन्सिल दुसरं घर देतं आणि तुम्ही तिथे कायमचे जाता. दुसरा, आत्ता जा, इमारत दुरुस्त झाली किंवा पाडून नवीन बांधली की परत या. तिसरा पत्रात लिहिलेला नसतो, सही न करता बसून राहायचं.

पैशापासून सुरू करतो कारण सगळे तेच आधी विचारतात. घर कायमचं सोडायला लावलं आणि तुम्ही तिथे निदान वर्षभर राहिला असाल तर १९७३ च्या कायद्याप्रमाणे होम लॉस पेमेंट मिळतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ८,१०० पौंड झालं. शिवाय सामान हलवणं, पडदे-कार्पेट, कुकर (म्हणजे शेगडी-ओव्हन) काढून परत जोडणं, पत्रं नव्या पत्त्यावर वळवणं याचा खर्च वेगळा, त्याला डिस्टर्बन्स म्हणतात, पावत्या जपून ठेवायच्या. मेख अशी की फ्लॅट दुरुस्त करून तुम्हाला त्याच फ्लॅटमध्ये परत आणणार असतील तर हे आठ हजार मिळत नाहीत, कारण कायद्याच्या नजरेत तुमचं घर गेलेलंच नाही. पण इमारत पाडून नवीन बांधणार असतील तर तुम्ही परत येणार असलात तरी जुनं घर गेलंच ना, मग मागायचं. हा फरक ऑफिसरला सुद्धा कधीकधी माहीत नसतो! आणि भाडं थकलेलं असेल तर बऱ्याच काऊन्सिल त्यातून कापून घेतात, ते गृहीत धरूनच चला.

पण माझं म्हणणं असं की पैसा हा दुय्यम मुद्दा आहे, खरी चीज आहे टेनन्सी, म्हणजे भाडेकरार. तुमची आत्ताची बहुधा सिक्युअर टेनन्सी असेल, म्हणजे कोर्टाशिवाय हलवता येत नाही, नवरा-बायकोपैकी एक गेलं तर दुसऱ्याच्या नावावर होते, राइट टू बाय म्हणजे सवलतीत घर विकत घ्यायचा हक्क असतो. कायमचं जायचं ठरवलंत आणि नवीन घर काऊन्सिलचंच असेल तर हे सगळं सोबत यायला पाहिजे, तसं लिहून घ्या. घर हाउसिंग असोसिएशनचं (भाड्याची घरं देणारी ना-नफा संस्था) असेल तर टेनन्सी 'अशुअर्ड' या वेगळ्या प्रकारची होते आणि विकत घ्यायचा हक्क साधारणपणे मागे राहतो. खरं तर राइट टू बायमध्ये आता फारसा दम उरलेला नाही, लंडनमध्ये पूर्वी १,३६,४०० पौंडांपर्यंत सूट होती, नोव्हेंबर २०२४ पासून बहुतेक बरोंमध्ये (म्हणजे लंडनच्या पालिका विभागांमध्ये) १६,००० वर आणली, त्यामुळे केवळ त्यासाठी चांगलं घर नाकारू नका. भाडं मात्र बघा. असोसिएशनच्या नवीन घराचं भाडं 'अफोर्डेबल' या नावाखाली जुन्यापेक्षा बरंच जास्त असू शकतं, शब्दाला भुलायचं नाही.

परत येण्याच्या बोलीवर जाताना गोष्टी अजून गुंतागुंतीच्या. तात्पुरत्या घराचा कागद नीट वाचा. दुरुस्ती होईपर्यंत दिलेलं घर, काम संपल्यावर सोडायचं या बोलीवर तुम्ही घेतलंत, तर नंतर ते सोडायला लावायला काऊन्सिलकडे कायद्यात वेगळं कलमच आहे. म्हणजे तिथे चार वर्षात मुलं रुळली, शाळा मिळाली, आणि मग तुम्हाला वाटलं की नको बाबा परत, तर तो निर्णय तुमच्या हातात नसतो. आणि वेळ? टँगमिअर-नॉर्थोल्ट पाडायचं २०१८ ला ठरलं, तिथे नवीन घरं बांधायची का यावर रहिवाशांचं मतदान व्हायला २०२२ उजाडलं. लेडबरीला भेगा सापडल्या २०१७ ला, पाडायचं की ठेवायचं याचं मतदान २०२१ ला. पहिलीतलं पोर पाचवीत गेलं तरी वीट रचलेली नाही. मुंबईत संक्रमण शिबिरात दोन-दोन पिढ्या काढलेली कुटुंबं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात, इथे तितकं वाईट नाही, पण 'परत येण्याचा हक्क' म्हणजे हातात चावी नव्हे.

तरी हक्क घेऊन ठेवावा, कारण तो फुकट असतो. बऱ्याच जणांना वाटतं की कायमचं गेलं की परतीचा हक्क गेला, किंवा उलटं. तसं नसतं. लेडबरीच्या भाडेकरूंना दुसरीकडे घर घेऊनही परतीचा हक्क राखता आला होता. म्हणून ऑफिसरला पहिला प्रश्न हा विचारायचा की मी कायमची टेनन्सी घेऊन गेलो तर परतीचा पर्याय उघडा राहील का. उत्तर हो असेल तर प्रश्नच मिटला, पहिलाच पर्याय घ्या.

खोल्यांचा घोळ वेगळाच. तीस वर्षांपूर्वी तीन बेडरूमचं घर मिळालेलं, मुलं लग्न होऊन गेली, आता काऊन्सिल म्हणणार तुमची गरज एका बेडरूमची. काही ठिकाणी गरजेपेक्षा एक खोली जास्त देतात, मागून बघा, पण तुम्ही पेन्शनच्या वयाचे नसाल आणि भाडं बेनिफिटवर (सरकारी मदतीवर) असेल तर त्या मदतीतून जास्तीच्या एका खोलीसाठी १४ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर २५ टक्के कापतात हे लक्षात ठेवा.

आता हॉटेल. हा खरं तर पर्याय नाही, संकट आहे. २३ जून २०१७ च्या रात्री कॅम्डनच्या चॅल्कॉट्स इस्टेटमधले चार टॉवर फायर ब्रिगेडच्या सल्ल्यावरून रिकामे केले, लोक स्विस कॉटेज भागातल्या लेझर सेंटरमध्ये (खेळ-व्यायामाच्या केंद्रात) हवेच्या गाद्यांवर झोपले, पण साधारण महिन्याभरात परत गेले. ब्रिस्टल शहरातल्या बार्टन हाउस या टॉवरला १४ नोव्हेंबर २०२३ ला संध्याकाळी सांगितलं निघा, सुमारे ४०० माणसं आधी जवळच्या मशिदीत वगैरे आणि मग हॉटेलात, परत जायला फेब्रुवारीचा शेवट आला आणि तेव्हाही कित्येकांचा इमारतीवर भरवसा नव्हता. ग्रेनफेलच्या कुटुंबांना तर वर्ष उलटलं तरी निम्म्याहून कमी लोकांना कायमचं घर मिळालं होतं. हॉटेलात स्वयंपाक नाही, डबे नाहीत, पथ्यपाणी सांभाळायचं कसं. म्हणून दिवसा, शांतपणे, पत्र हातात असताना ठरवलेलं बरं.

आणि बसून राहणं? वेळ मिळतो हे खरंय. इमारत पाडायचीय म्हणून कोर्टात गेलं तरी काऊन्सिलला योग्य पर्यायी घर दाखवावंच लागतं, त्यामुळे पहिली ऑफर फालतू असेल तर लेखी कारण देऊन नाही म्हणा, रिव्ह्यू मागा. पण पूर्ण अडून बसू नका. शेजारी एकेक करून जातात, लिफ्ट बंद पडली की कुणी धावत येत नाही, रिकाम्या फ्लॅटना पत्रे ठोकतात, आणि सगळ्यात चांगली घरं आधी गेलेल्यांना मिळून संपलेली असतात.

माझं मत विचाराल तर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं घरात असतील तर कायमचं, काऊन्सिलचंच, शक्यतो त्याच बरोमध्ये. एकटे असाल, तरुण असाल, जुन्या जागेत जीव अडकला असेल तर परतीची बोली, पण नव्या घरात किती खोल्या, भाडं कुठल्या हिशोबाने आणि टेनन्सी कोणती हे तिन्ही लिहून घेऊनच.

मावशींनी पहिला पर्याय घेतलाय, दोन बसस्टॉप पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी खिडकी नाही बघितली, बाथरूम नाही बघितलं, थेट किचनमध्ये. गॅस नाही, इलेक्ट्रिक हॉब. बुड गोल झालेला त्यांचा बिडाचा तवा त्यावर बसणार नाही. नवीन तव्याची पावती डिस्टर्बन्समध्ये लावता येते का ते मी सोमवारी विचारणार आहे.