ऑर्बिट्रॉन की एक्झो 2? तिरप्या भविष्यवेधी अक्षरांचा तुलनात्मक आढावा

सायकल शर्यतीचे पोस्टर, गेमिंग स्पर्धेचा बॅनर किंवा विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या दुकानाची पाटी असे काम हाती आले की ग्राहक 'वेगवान आणि उद्याचे वाटणारे' अक्षर मागतो आणि डिझायनरचे लक्ष बहुधा ऑर्बिट्रॉन व एक्झो 2 या फॉन्टांकडे जाते. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने व्यावसायिक कामातही विनाशुल्क वापरता येतात. त्यामुळे निवड किमतीवर नव्हे, तर अक्षराला तिरपेपणा कसा मिळतो यावर करावी लागते.

मॅट मॅकइनर्नी यांचा 2009 मधील ऑर्बिट्रॉन रुंद, चौकोनी आणि गोलसर कोपऱ्यांचा आहे. तुरिनच्या नेबिओलो या छपाईचे खिळे घडवणाऱ्या ओतशाळेने 1952 मध्ये आणलेल्या मायक्रोग्रामा आणि 1962 च्या युरोस्टाइल या फॉन्टांची तो आठवण करून देतो. उभ्या रूपात त्याचा ठसका निर्विवाद आहे, पण त्याला स्वतःचे इटालिक, म्हणजे मुळातच तिरपे आखलेले रूप, नाही. सॉफ्टवेअरमधील इटालिकचे बटण दाबले की मूळ अक्षर नुसते एका बाजूला ढकलले जाते. असा ढकललेला इंग्रजी 'ओ' मोठा करून पाहावा: वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा टोकदार होतो, उरलेले दोन पसरट होतात आणि नेटका चौकोन कलंडल्यासारखा दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर हे खपून जाते, फ्लेक्सवर नाही.

नातानाएल गामा यांच्या एक्झो 2 मध्ये नऊ जाड्या असून प्रत्येक जाडीला इटालिक आहे, म्हणजे एकूण 18 शैली मिळतात. लहान आकारातही तो नीट वाचता येत असल्याने शीर्षकासोबत तारीख, स्थळ आणि प्रवेशशुल्क त्याच कुटुंबात बसवता येते. ऑर्बिट्रॉनइतका तो नजरेत भरत नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही अक्षर तिरपेच हवे असेल तर मी एक्झो 2 घेईन आणि ऑर्बिट्रॉन एकाच शब्दाच्या उभ्या बोधचिन्हासाठी राखून ठेवीन. फास्टर वन या फॉन्टमध्ये वेगाच्या रेषा अक्षरातच कोरलेल्या असतात. एखाद्या मोठ्या शब्दापलीकडे तो डोळ्यांना त्रास देतो.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा आहे, कारण ऑर्बिट्रॉन आणि एक्झो 2 या दोहोंतही देवनागरी नाही. चौकोनी वळणाची देवनागरी इंडियन टाइप फाउंड्रीच्या टेको या फॉन्टमध्ये पाच जाड्यांत मिळते, मात्र तिला बटणाने तिरपे करू नये. 'स्फूर्ती' हा शब्द तसा करून पाहिल्यास शिरोरेषा आडवीच राहते, दंड कलतात, वेलांटी आणि रफार उजवीकडे झुकतात, तर खालचा ऊकार डावीकडे सरकतो. त्यापेक्षा मराठी ओळ टेकोच्या ठळक जाडीत उभीच ठेवावी आणि तिरपेपणा मागच्या रंगीत पट्टीला व एक्झो 2 मधील इंग्रजी नावाला द्यावा. पट्टीचा कल इटालिकच्या कलाशी जुळवून घेतला की दोन्ही लिप्या एकाच पोस्टरवर सुखाने नांदतात.