सभासदत्व: मत मिळतं, दिशा मिळत नाही

सहा वर्षं वर्गणी भरून एका पक्षाची सभासद आहे. सभासद व्हायचा विचार करणाऱ्यांसाठी हा अनुभव.

नेता निवडायचं मत मिळतं, ते खरंच मिळतं. मोबाइलवर कोड येतो, दोन मिनिटांत मतदान होतं आणि त्या दिवशी पक्ष आपला वाटतो. पण मी आले होते धोरणासाठी. आमच्या शाखेने भाडेकरूंच्या संरक्षणाचा ठराव तीन बैठका बसून लिहिला. दोन दुरुस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत वाद घातला. अधिवेशनात तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला. जाहीरनाम्यात त्यातली एक ओळ नव्हती. विचारलं, तर उत्तर आलं: निवडून आलेले लोक लाखो मतदारांना बांधील असतात, काही हजार सभासदांना नाही.

हे उत्तर मला झटकून टाकता येत नाही. २०२२ साली ब्रिटनच्या हुजूर पक्षात खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७ मतं होती, लिझ ट्रस यांना ११३. सभासदांनी ५७ टक्के मतांनी ट्रस यांना निवडलं आणि पंतप्रधान झाल्यावर सातव्या आठवड्यातच त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. मजूर पक्षात २०१६ साली १७२ खासदारांनी पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, ४० जण त्यांच्या बाजूने राहिले. सभासदांनी मात्र त्याच वर्षी त्यांना सुमारे ५९ टक्के मतांनी पुन्हा निवडलं. सभागृहात मागच्या बाकांवर बसणाऱ्यांचाच विश्वास नसेल, तर नेत्याने कोणाच्या बळावर उभं राहायचं?

म्हणून नेता निवडताना लोकप्रतिनिधींचा शब्द जड असू द्यावा, असं मला वाटतं. दिशा मात्र सभासदांचीच. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने २०१३ साली आघाडीचा करार सभासदांच्या मताला टाकला. वाटाघाटी नेत्यांनी केल्या, मजकूर समोर ठेवला आणि सरकारात जायचं की नाही हे सभासदांनी ठरवलं. सुमारे ७६ टक्के हो म्हणाले. मला असं सभासदत्व हवं आहे.

वर्गणी भरण्याआधी पक्षाच्या घटनेत एक कलम शोधा: अधिवेशनाचा ठराव जाहीरनाम्यातून वगळला, तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं का? आमच्याकडे तसं कलम नाही. ते आणणारी दुरुस्ती शाखेतून पाठवली आहे. तोवर पाचपैकी अडीच.