बाहेर खाताना व्हिगन: गाडा, उडुपी, बर्गर की डबा?

ऑफिसातला एक मित्र मागच्या महिन्यात व्हिगन झाला, म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध, दही, तूप, मधही बंद, आणि मला व्हिगन होऊन दीड वर्ष होत आलंय म्हणून पहिला प्रश्न माझ्याकडेच, "आता बाहेर खायचं काय?" त्याला वाटत होतं आता आयुष्यभर चारशे रुपयांचं सॅलड. म्हटलं अरे तू पुण्यात राहतोस, खाली गाड्यावर उभा राहिलास तरी निम्मं काम होतंय. पण नीट ठरवायचं असेल तर सगळं शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं बरं.

गाडा आधी, कारण सगळ्यात स्वस्त आणि पटकन. वडापावात बटाटा, बेसन, तेल, वरून खोबरं-लसणाची सुकी चटणी, दुधाचा थेंब नाही. भेळ, कांदाभजी, पोहे सगळं चालतं (एसपीडीपी नाही, त्यातला डी दह्याचा). घोळ फक्त बटरचा. हल्ली गाडेवाला पाव मधोमध कापतो, तव्यावर उलटा टाकतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत बटर फिरवून मोकळा, त्यामुळे "पाव साधा" हे ऑर्डर देतानाच सांगायचं, पैसे देताना सांगून काही होत नाही. पावभाजीचं तर नावच घेऊ नका, तिथे भाजीतच बटर असतं. आणि व्हिगन म्हणजे हेल्दी हा गैरसमज इथेच सोडा, एक वडापाव आकाराप्रमाणे 250-300 कॅलरी आणि त्यात मुख्यतः मैदा, बटाटा, तेल. संध्याकाळी दोन खाल्ले तरी नऊला परत भूक.

त्याच गाड्यावर मिसळ मिळत असेल तर ती घ्या. मोड आलेली मटकी म्हणजे प्रोटीन आणि फायबर दोन्ही, दही बहुतेक ठिकाणी वेगळ्या वाटीत येतं ते परत द्यायचं. मी फरसाण कमी सांगतो, तर्री थोडी बाजूला सारतो आणि दुसरा पाव मागत नाही, म्हणजे मागायचा नाही असं ठरवलेलं असतं.

उडुपी हॉटेल हा माझ्या मते सगळ्यात सोपा मधला मार्ग. इडली-सांबार वाफवलेलं, आंबवलेलं, त्यात डाळ, दहा मिनिटांत पुढ्यात. डोसा सांगताना "तेलावर" म्हणायचं, नाहीतर तूप किंवा बटर ठरलेलं. रवा इडली आणि रवा डोसा मात्र विचारून घ्या, त्यात दही-ताक असतं, उपम्यात तूप असू शकतं, पांढऱ्या चटणीत कधी कधी दही. थालीपीठ मागवलंत तर लोणी नको हे दोनदा सांगा, मला एकदा सांगूनही वर पांढरा गोळा वितळत आलेलं ताट आलं होतं आणि वेटर म्हणतो, "काढून टाका ना साहेब". पंजाबी हॉटेलात फार वेळ घालवू नका, ग्रेव्हीत क्रीम, नानमध्ये दही किंवा दूध, शेवटी कोरडी तंदुरी रोटी आणि तेलाच्या फोडणीची डाळ एवढंच उरतं.

बर्गर-पिझ्झाच्या चेन. इथे फायदा असा की दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असतील तर मेनूवर कॅलरी दाखवणं नियमाने लागतं आणि ॲलर्जीची माहितीही द्यावी लागते, म्हणजे दूध आहे की नाही हे काउंटरवरच्या पोराला न विचारता कळतं. तोटा असा की चीज आणि मेयो काढल्यावर हातात बन, टिक्की आणि कांदा राहतो, पैसे मात्र पूर्ण. बनमध्येही दुधाची पावडर असू शकते. आणि एगलेस मेयो म्हणजे व्हिगन नव्हे, त्यात अंडं नसतं एवढंच. माझी सगळ्यात मोठी फसगत तर एका महागड्या कॅफेतल्या "प्लांट बोल"मध्ये झाली, अर्धा संपल्यावर कळलं की ड्रेसिंग दह्याचं आहे.

पाकिटं घेताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, तो शाकाहाराचा आहे, दूध-मध सगळं त्यात बसतं. पार्ले-जीवरही हिरवा ठिपका आहे आणि त्यात मिल्क सॉलिड्स आहेत (हे कळलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं). व्हिगनचं चिन्ह वेगळं, हिरव्या चौकोनात व्ही आणि वर छोटं पान. ते सगळ्याच पाकिटांवर नसतं, मग मागची यादी वाचण्याला पर्याय नाही.

खोट्या मटणाचे फ्रोजन प्रकार आता बरेच आहेत, रितेश-जेनेलिया देशमुखांचा इमॅजिन मीट्स 2021 मध्ये आला तेव्हापासून घरोघरी नाव तरी माहीत झालं. चिकनची आठवण येत असेल तर महिन्यातून एकदा ठीक. रोजच्यासाठी मी किराणा दुकानातले सोया चंक्स घेतो, कोरड्या 100 ग्रॅममध्ये साधारण 52 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 30 ग्रॅमची मूठ भिजवून रश्श्यात टाकली की 15 ग्रॅम झालं आणि खर्च किरकोळ.

डब्यात पिठलं-भाकरी, पिठलं ताकातलं नको एवढंच. 1995 च्या युती सरकारने झुणका-भाकर एक रुपयात द्यायला घेतली होती, तेच आज कुठे कुठे "रस्टिक थाळी" म्हणून मिळतं, असो. नाचणीची भाकरी असेल तर कॅल्शियमचा प्रश्नही हलका होतो, 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 मिलिग्रॅम, गाईच्या तेवढ्या दुधात 120 च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण रोज एक भाकरी आणि तिळाची चटणी म्हणजे वाईट सौदा नाही. मठ्ठ्याऐवजी सोलकढी, नारळाचं दूध आणि आमसूल. गोव्यात गेलात तर सकाळी पातळ भाजी आणि पोई, म्हणजे गव्हाच्या कोंड्याचा पाव, मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी.

बी-12 जीवनसत्त्व मात्र यातल्या कशातूनही भरवशाने मिळत नाही, गाड्यावरून नाही, डब्यातूनही नाही. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, यात घरगुती उपाय शोधू नका.

मित्राने शेवटी चार दिवस डबा, एक दिवस उडुपी आणि शुक्रवारी वडापाव असं ठरवलंय. अडलंय ते चहावर. आलं घालून उकळताना सोया दूध फाटतं, तीनदा फाटलं. मी सांगितलं चहा आधी कोरा उकळून घे, गॅस बंद कर, मग कोमट सोया दूध हळूहळू ओत. काल फाटला नाही म्हणे, पण चहासारखा लागत नाही.