तुंबलेली मोरी, प्रेशर वॉशर आणि १५ मीटरची ड्रेन होज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र गाड्या धुण्याचंच आहे. मोटर १८०० वॉटची, डब्यावर १३५ बार छापलेलं, प्रत्यक्ष कामाचा दाब ९० ते १०० बार, आणि पाणी मिनिटाला साधारण ६ लिटर. बंदुकीच्या पुढची दांडी काढून तिथे १५ मीटरची ड्रेन होज लावायची. होजच्या टोकाला वन-बाय-एट इंची आट्यांचं पितळी नोझल बसतं. त्याला एक भोक पुढे आणि तीन भोकं मागे तिरकी असतात. मागच्या झोतांच्या जोरावर होज पाइपात स्वतःहून आत सरकते.

वापर ठाण्यातल्या १६ घरांच्या जुन्या सोसायटीत झाला, मधे एक अख्खा पावसाळा धरून. इथे संडासाचे उभे पाइप बिडाचे आहेत. मोरी आणि स्वयंपाकघराचे पाइप बदलून ७५ मिमी पीव्हीसीचे केलेले आहेत. जमिनीखाली चेंबरपर्यंत ११० मिमी पीव्हीसी आहे आणि शेवटचा तुकडा चिनी मातीचा.

पाणी पुन्हा वाहायला लागलं म्हणजे चोक निघाला, असा बहुतेकांचा समज असतो आणि तिथेच काम फसतं. पुढचा झोत चरबीच्या गोळ्याला बोटभर भोक पाडतो. त्यातून पाणी भसकन उतरतं, सगळे खूश होतात आणि यंत्र बंद होतं. त्या भोकाच्या कडांना आठ-पंधरा दिवसांत चहाचा चोथा आणि भात अडकतो आणि मोरी पुन्हा तुंबते. पाइपाची भिंत साफ होते ती होज मागे ओढताना. म्हणून आत जाताना घाई चालेल, परतताना नाही: फूटभर अंतराला पाच-सहा सेकंद, होज बोटांत थोडी फिरवत, आणि तोच टप्पा तीनदा. मागे येणारं पाणी राखाडी-पांढऱ्या कपच्यांसह येत असेल तर अजून साबण आणि तूप सुटतंय. ते स्वच्छ झालं की मगच पुढच्या टप्प्याला हात घालावा.

नोझलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात याचं उत्तर कुणी देत नाही. होजसोबत मिळणाऱ्या नोझलवर बहुतेक वेळा ४.० किंवा ५.५ असा आकडा कोरलेला असतो. ४००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला त्या नोझलमधून मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाईल, ते हा आकडा सांगतो. आपल्या यंत्राचे ६ लिटर म्हणजे १.६ गॅलन. आता १.६ ला नोझलच्या आकड्याने भागा, आलेल्या उत्तराचा वर्ग करा आणि ४००० ने गुणा. ५.५ च्या नोझलला जेमतेम ३४० पीएसआय, म्हणजे २३ बार मिळतात. ४.० ला ४४ बार आणि ३.० ला ७८ बार. २.५ ला हिशोब ११३ बारपर्यंत जातो, पण तेवढा दाब यंत्राला झेपत नाही आणि पंप सारखा बायपासमध्ये जातो, म्हणजे पाणी नोझलकडे न पाठवता आतल्या आत फिरवतो. म्हणजे घरगुती यंत्राला ३.० चं नोझल योग्य. ‘१३५ बारचं मशीन घेतलं तरी काही होत नाही’ ही तक्रार बरेचदा मोठ्या भोकांच्या नोझलची असते, मशीनचा त्यात दोष नसतो.

दुसरा हिशोब होजच्या ओढीचा. ६ लिटर पाणी एवढ्या दाबाने सुटलं तरी त्याचा एकूण रेटा सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्यातला काही तिरकेपणात जातो, काही पुढचा झोत उलटा ढकलण्यात. हाती उरते ती ओढ एक किलोचीही नाही. त्यामुळे तीन काटकोनी एल्बो ओलांडले की घर्षण जिंकतं आणि होज थांबते. १५ मीटरची होज घेतली तरी वळणावळणाच्या पाइपात ८ ते १० मीटरच्या पुढे ती पोचत नाही. ३० मीटरच्या होजवर पैसे घालू नयेत. लांब आणि बारीक होजमध्ये दाबही जास्त घटतो. होज अडली की रेटू नका. अर्धा फूट मागे घ्या, पाव वळसा द्या आणि पुन्हा सोडा.

जोडणीत एक बारकावा आहे. एम-२२ आट्यांची जोडणी दोन मापांत येते, आतली पिन १४ मिमीची किंवा १५ मिमीची. आटे दोन्हींचे तेच, त्यामुळे चुकीचं मापही फिरून बसतं आणि मग दाब आल्यावर पाणी फवारतं. कॅलिपरने मोजूनच ॲडाप्टर मागवा. नोझलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप दोन वेढ्यांपेक्षा जास्त नको आणि पहिला आटा मोकळा ठेवा. टेपचा सुटलेला धागा थेट नोझलच्या भोकात जाऊन बसतो.

होज कुठून घालायची, यावर अर्धं काम अवलंबून असतं. आधी चेंबरचं झाकण उघडा. चेंबर कोरडा असेल तर चोक त्याच्या वर, इमारतीच्या बाजूला आहे. चेंबर भरलेला असेल तर तो पुढे आहे. शक्य तिथे खालच्या, मोकळ्या बाजूने वरच्या दिशेला जा. असं केलं की फुटलेला मळ वाहून तुमच्याकडे येतो आणि बाहेर काढता येतो. वरून खाली मारलं तर तोच मळ पुढच्या वळणावर जाऊन घट्ट बसतो. चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा धरा. मुठीएवढे चरबीचे गोळे, काथ्या, केसांची जुडी सगळं त्यावर अडतं. ते उचलून कचऱ्यात टाकायचं, पुढच्या चेंबरला भेट द्यायचं नाही.

११० मिमीच्या पाइपात या यंत्राची खरी कमतरता दिसते. झोत मळ कापतो, पण मिनिटाला ६ लिटर पाण्यात तो वाहून न्यायचा दम नसतो. व्यावसायिक जेटिंग मशीन याच्या कितीतरी पट पाणी सोडतात, त्यांची खरी ताकद तीच. यावर उपाय साधा आहे. झोत चालू असताना वरच्या घरातून दोन बादल्या पाणी एकदम ओतायला सांगा, दर पाच मिनिटांनी. कापायचं काम यंत्राचं, वाहून न्यायचं बादलीचं.

याच पाइपात आणखी एक धोका आहे. छोटं, बटणाएवढं नोझल रुंद पाइपात उलटं फिरून तुमच्याकडेच परत येऊ शकतं. चेंबर ते चेंबर अशा सरळ तुकड्यात नोझलच्या मागे कडक पाइपाचा तुकडा जोडा. नोझलसकट त्याची लांबी पाइपाच्या व्यासाच्या दीडपट असावी, म्हणजे ११० मिमीसाठी १६ सेंटीमीटरच्या आसपास. ७५ मिमीच्या एल्बोमधून मात्र हा तुकडा वळत नाही, तिथे छोटं नोझलच बरं.

स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये या होजने सगळ्यात चांगलं काम केलं. बॉटल ट्रॅप (सिंकखालचं, थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारं भांडं) काढायचा, खाली बादली ठेवायची आणि भिंतीतल्या पाइपात होज थेट घालायची. तूप, तेल आणि भांड्यांच्या साबणाचा थर तिसऱ्या फेरीला सुटतो. अर्धा तास आधी बादलीभर गरम पाणी ओतलं तर थर मऊ पडतो, पण उकळतं नको, पीव्हीसी मऊ होतं. यंत्रालाही गिझरचं पाणी देऊ नका, बहुतेक घरगुती पंपांची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते.

न्हाणी ट्रॅपमधून वरून होज घालणं त्रासाचं आहे. ट्रॅपच्या वळणावर नोझल अडतं. त्यापेक्षा डक्टमधल्या उभ्या पाइपाची डोअर टी किंवा डोअर एल्बो (बोल्टने बसवलेलं झाकण असलेला जोड) उघडा. बोल्ट एकदम काढू नका. खालचे दोन ढिले करा आणि पाणी झिरपू द्या. वर मजलाभर पाणी साचलेलं असेल तर झाकणासकट सगळं अंगावर येतं. आतला रबरी वायसर बहुधा कडक झालेला असतो, नवा आणूनच झाकण उघडा. कमोडमधून होज घालायच्या भानगडीत पडू नका. चिनी मातीवर ओरखडे उठतात आणि शिंतोडे चेहऱ्यावर येतात. तो चोक चेंबरमधूनच काढा.

काम सुरू होताना तळमजल्याच्या घरांना सांगून ठेवा. उभ्या पाइपात झोत चालला की खालच्या मोरीतून पाणी उसळतं, म्हणून जाळीवर ओलं पोतं आणि वर वजन. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. झोताच्या ओढीने ट्रॅपमधलं ५० मिमीचं पाणी खेचलं जातं, आणि मग दुसऱ्या दिवशी ‘साफ केल्यापासून वास येतोय’ अशी तक्रार येते.

काय निघत नाही तेही सांगायला हवं. फरशी बदलताना पाइपात गेलेला सिमेंट-ग्राउट अजिबात हलत नाही, तो पाइप कापावाच लागतो. कपडा, सॅनिटरी पॅड, वाइप्स यांना झोत फक्त भोक पाडतो. तिथे आकडा असलेली स्प्रिंग मारून ते बाहेर ओढायचं आणि मग झोत. चिनी मातीच्या पाइपाच्या सांध्यातून पिंपळाची मुळं शिरली असतील तर बारीक तंतू तुटतात, पण वाट तशीच राहते आणि मुळं परत येतात. होज दरवेळी त्याच अंतरावर थांबते आणि पाण्यातून माती-खडी येते, तेव्हा पाइप बसलेला किंवा फुटलेला आहे. तिथे झोत मारत राहिलात तर खालची जमीन धुपते. गंजलेल्या बिडाच्या पाइपातही जपून. कधीकधी गंजाची खपलीच भोक बुजवून बसलेली असते. ती उडाली की खालच्या घराच्या छताला ओल येते.

सुरक्षेच्या बाबतीत कसलीही सूट घेऊ नका. नोझल पाइपात किमान फूटभर गेल्याशिवाय बंदूक दाबायची नाही. नोझल बाहेर सुटलं तर होज सापासारखी आपटते. टोकापासून एक मीटरवर लाल टेपची खूण करा. परतताना खूण दिसली की आधी पाणी बंद, मग होज बाहेर. बंदूक दाबलेल्या अवस्थेत कुलूप लावून ठेवायची नाही. होज एकाच्या हातात आणि बंदूक दुसऱ्याच्या. हा झोत कातडीत घुसतो. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आत गटाराचं पाणी खोलवर गेलेलं असतं. दुखत नसलं तरी तडक रुग्णालयात जा आणि कशाने लागलं ते स्पष्ट सांगा. रबरी हातमोजे, गमबूट आणि पूर्ण चेहरा झाकणारी काच हवीच. उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टो पावसाळ्यात याच पाण्यातून पायाच्या भेगेतून शिरतो.

आदल्या दिवशी कुणी पाइपात ड्रेन क्लीनरची पूड किंवा ॲसिड ओतलंय का, हे विचारल्याशिवाय यंत्र लावू नका. पुडीतला कॉस्टिक सोडा साचलेल्या पाण्यात तसाच असतो आणि झोताबरोबर डोळ्यांत उडतो.

आणि चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. होज अडकली तरी नाही, पैसे जास्त दिले तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासही येत नाही. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक हातसफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. सोसायटीने हे यंत्र घ्यावं याचं आमच्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. झाकण उघडून काठावर उभं राहून काम होतं, कुणाला खाली जावं लागत नाही.

वीज आणि पाण्याचं थोडक्यात: १८०० वॉटला ८ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिमीची तीन तारांची एक्स्टेन्शन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). पाणी नळाला थेट न जोडता बादलीतून किंवा पिंपातून ओढू द्या, म्हणजे घाण पाणी पिण्याच्या लाइनीत जायची वाटच राहत नाही. सक्शनच्या टोकाला जाळी हवी. पिंप भरणाऱ्या नळाखाली १० लिटरची बादली दीड मिनिटात भरत नसेल तर आधी पिंप भरून घ्या. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत सील जाळतो. मोटर ब्रशची असल्याने आवाज मोठा आहे, आणि सलग वीस मिनिटांनंतर तिला तेवढीच विश्रांती लागते.

नऊ महिन्यांत खर्च झाला तो असा: नोझल दोन, एक ॲडाप्टर, ओ-रिंगांचा एक संच. बोअरच्या जड पाण्याने नोझलची भोकं क्षाराने बुजतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून बारीक सुईने मोकळी करावी लागतात. एक भोक जरी बंद असलं तरी होज एका बाजूला ओढते, आणि हे पाइपात कळत नाही. म्हणून प्रत्येक कामाआधी नोझल बादलीत बुडवून चारही झोत बघायचे. यंत्र अजून ठणठणीत आहे, होज मात्र आता बदलायला झाली. नोझलकडच्या क्रिम्पजवळ (होजवर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीजवळ) एक फुगवटा आलाय. त्याला टेप गुंडाळून किंवा क्लॅम्प लावून चालवू नये. तो फुटतो तो नेमका हाताजवळ, होज ओढत असताना.