कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर: दणकट, पण चाप जड

वेब्ली-स्कॉट या ब्रिटिश बंदूक कंपनीच्या जुन्या घाटाचं हे सहा गोळ्यांचं हत्यार मधोमध मोडून उघडतं. खटका दाबून नळी वाकवली की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळ्या बाहेर काढणारा चांदणीच्या आकाराचा भाग, सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम उचलतो. हे मात्र नळीचं तोंड वर धरून, झटक्यात करावं. हळू उघडलं तर एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली घसरते आणि रिव्हॉल्व्हर मिटतच नाही.

खरी कुरकुर चापाची. घोडा (गोळीवर आघात करणारा मागचा भाग) आधी न चढवता चाप ओढला तर हात हलतो, नेम जातो.

काडतुसं घेताना नुसतं ‘.३२’ सांगू नका; त्यात दोन प्रकार येतात: पिस्तुलाचं आखूड, रिव्हॉल्व्हरचं बुडाला काठ असलेलं आणि लांब. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं मिळतात. त्यातली एक जागा याला द्यावी? पिस्तुलासारखी मॅगझिनची (गोळ्या भरायच्या डबीची) कटकट नको असेल, तर खुशाल.