कॉफीसाठी पाणी कोणतं? नागपुरातल्या नळ, बोअर आणि आरओचा वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. नागपुरात मनपाचा नळ असेल आणि घरी आरओ बसवलेला असेल, तर ब्लॅक कॉफीसाठी अर्धं नळाचं आणि अर्धं आरओचं पाणी घ्या. बस. वर्षभर मी टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार किती ते दाखवणारं), फिश टँकच्या दुकानातलं टेस्ट किट, मॅग्नेशियमचं क्षार, खायचा सोडा, सगळं करून पाहिलं. त्यात पैसे वसूल झाले ते टेस्ट किटचे. बाकीचं हौसेचं.

हे वेड लावलं साळ्यानं. तो बंगळुरूत एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बियरच्या छोट्या कारखान्यात, कामाला आहे. दिवाळीत आला, माझ्या हातची कॉफी प्यायला आणि म्हणाला, "भाऊजी, बिया चांगल्या आहेत, पाणी मेलेलं आहे." त्याच्या धंद्यात माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सच्या (कडवट चवीची फुलं) आधी पाण्याचा रिपोर्ट बघतात. बियरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि फिल्टरनं गाळलेल्या काळ्या कॉफीत तर साधारण साडेअठ्ठ्याण्णव टक्के. मग आपण बियांवर हजार रुपये घालायचे आणि पाण्याकडे बघायचंही नाही, हे काही बरोबर नाही.

त्यानं सांगितलेला बियरचा इतिहास इथे सांगतो, कारण कॉफीचं गणित त्यातूनच समजलं. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावाचं भूजल जिप्समच्या थरांतून येतं, म्हणून त्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागतो, आणि बर्टनची पेल एल ही फिकट बियर त्यावरच गाजली. इतकी, की दुसरीकडचे लोक आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम टाकू लागले. त्या प्रकाराला बर्टनायझेशन असं नावच पडलं. उलट बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, क्षार नावापुरते. १८४२ मध्ये योसेफ ग्रोलनं तिथे फिकट सोनेरी लागर बियर केली, ती त्या पाण्यात जमली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, जास्त, त्यात फिकट माल्टची बियर बेचव होते. पण काळं भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं, ते या बायकार्बोनेटला पुरून उरतं. म्हणून तिथे स्टाउट, म्हणजे काळी बियर, जमली. म्हणजे गावाच्या पाण्याला जे मानवलं ते त्या गावाचं पेय झालं.

(कोणी विचारायच्या आधी सांगतो: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बियर बनवणं गुन्हा आहे. साळ्याची बियर त्याच्या ब्रुअरीत. मी त्याचं फक्त पाण्याचं शास्त्र उचललं.)

आता आमच्या घरची परिस्थिती. आम्ही मनीषनगरात राहतो. स्वयंपाकघरात मनपाचं पाणी, बाथरूमला आणि धुण्याभांड्याला सोसायटीच्या बोअरचं. आरओ सिंकच्या वर टांगलेला, बहुतेक घरी असतो तसाच. टीडीएस पेनवर नळाचं पाणी दोनशेच्या आसपास दाखवतं, बोअरचं आठशेच्या घरात, आरओचं तीस. बोअरचं पाणी जड असणार हे आमच्या आईला पेनाशिवाय माहीत होतं. त्या पाण्यात तुरीचं वरण शिजतच नाही, दाणे टणक राहतात, शेवटी चिमूटभर सोडा घालावा लागतो. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून ती फुटत नाही. सोडा तेच उलटवतो.

पण पेनाचा आकडा कॉफीला जवळपास निरुपयोगी आहे. ते यंत्र पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि ठरलेल्या गुणकानं गुणून आकडा दाखवतं. आत मीठ आहे, मॅग्नेशियम आहे की बायकार्बोनेट, हे त्याला कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका बिल्डिंगमध्ये सॉफ्टनर बसवलाय. त्यातून आलेल्या पाण्यात कडकपणा जवळपास शून्य, पण टीडीएस जवळजवळ तेवढाच, कारण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. त्या पाण्याची कॉफी मी प्यालो आहे. साबणाला फेस छान येतो, एवढंच चांगलं म्हणता येईल.

कॉफीला खऱ्या अर्थानं दोन गोष्टी लागतात. एक, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे कडकपणा. हे आयन बियांमधले चवीचे घटक बाहेर काढायला मदत करतात. २०१४ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी हे गणितानं मांडलं, आणि त्यात मॅग्नेशियम जास्त कामाचं दिसलं. दुसरी गोष्ट अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. कॉफीतली आम्लं ते मारतं. अगदी नसेल तर कॉफी आंबट, टोकदार लागते. जास्त असेल तर सगळी फळाची चव गायब होऊन कपात मातकट, खडूसारखं काहीतरी उरतं. माझ्या अनुभवात कप बिघडतो तो दहापैकी आठ वेळा या दुसऱ्या गोष्टीमुळे. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात टीडीएस १५० च्या आसपास, अल्कलिनिटी लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि क्लोरीन शून्य असं दिलेलं आहे. मला स्वतःला साठपर्यंत चालते.

अल्कलिनिटी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मासे पाळणारे ती रोज मोजतात, त्याला ते केएच म्हणतात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. पाच मिलिलिटर पाणी छोट्या नळीत घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. जितके थेंब तितके अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. आमच्या नळाला सहा-सात थेंब लागतात. बोअरला अठरा. आरओला पहिल्याच थेंबाला पिवळा. शेजारच्या काकांनी एकदा मला बाल्कनीत नळी हलवताना बघितलं, "काऊन भाऊ, पाण्याला औषध देऊन राहिले का?" त्यांचंही पाणी मोजून दिलं. आता सोसायटीत माझी ओळख पाणीवाला.

हिशेब सरळ आहे. नळाचे साडेसहा आणि आरओचं जवळजवळ शून्य, अर्धं-अर्धं केलं की साडेतीनच्या आत-बाहेर, म्हणजे साठ मिलिग्रॅम. नळाचा कडकपणाही अर्धा टिकतो, तेवढा पुरतो. चिक्कमगळुरूच्या मध्यम भाजलेल्या अरेबिकात या पाण्यानं गोडवा येतो, संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, शेवटी जिभेवर कोरड राहत नाही. नुसत्या आरओच्या पाण्यानं तीच कॉफी पाणचट आणि आंबट. नुसत्या नळाच्या पाण्यानं बरी लागते, जरा बोथट. फरक ओळखायला जाणकार लागत नाही, माझ्या बायकोनं न सांगता तिन्ही कप बरोबर ओळखले, आणि तिला कॉफी फारशी आवडतही नाही.

ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे, बेसा-पिपळ्याकडे किंवा हिंगण्याकडे अजून बऱ्याच वस्त्यांत तसंच आहे, त्यांनी एक भाग बोअर आणि पाच भाग आरओ असं धरावं, आणि स्वतःच्या पाण्याचे थेंब मोजून प्रमाण बदलावं. दुसरा उपाय जुनाच: बोअरचं पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळायचं, थंड होऊ द्यायचं, वरचं अलगद ओतून घ्यायचं. तळाशी पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. बायकार्बोनेट त्यातच निघून जातं. ब्रुअरही कडक पाणी असंच नरम करायचे. मात्र उकळण्यानं फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं किंचित वाढतं. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडच्या बऱ्याच भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे. बोअरचं पाणी प्यायचं असेल तर आधी एकदा लॅबमधून तपासून घ्या, कॉफीचं नंतर बघू. आरओवरचा टीडीएस कंट्रोलर, म्हणजे कच्चं पाणी थोडं मिसळणारा छोटा व्हॉल्व्ह, नळाच्या पाण्यावर खुशाल उघडा. मेकॅनिकला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देतो. न तपासलेल्या बोअरवर मात्र त्याच कारणानं तो बंदच ठेवा.

पावसाळा वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या नळाचा केएच चारवर येतो आणि क्लोरीनचा वास वाढतो. तेव्हा मी दोन भाग नळ, एक भाग आरओ घेतो आणि नळाचं पाणी उघड्या पातेल्यात उकळून घेतो, क्लोरीन उडून जातो. बियरवाले याला फार घाबरतात, कारण क्लोरीन आणि माल्टमधल्या फिनॉलांची गाठ पडली की दवाखान्यासारखी चव येते. ते चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकून तो मारतात. आपल्याला उकळणं पुरतं. कधी तलावाच्या पाण्याला मातीचा वास येतो, तो शेवाळासारख्या जिवाणूंनी सोडलेल्या जिओस्मिनचा, आणि तो उकळून नीट जात नाही. त्याला कार्बन फिल्टर लागतो. आठवडाभर असा वास असेल तर मी मिश्रण सोडतो आणि खाली सांगितलेल्या क्षारांच्या बाटल्या काढतो.

उन्हाळ्याचं एक गंमतशीर निरीक्षण. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आरओच्या पाण्याचा टीडीएस तीसवरून पन्नासच्या आसपास जातो. यंत्र बिघडलं असं समजून मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) बदलायची घाई करू नका. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधून क्षार जास्त निसटतात, एवढंच. पाऊस पडला की आकडा आपोआप खाली येतो. दुकानदार मात्र मे महिन्यातच फोन करतात.

आता बाटल्या. एक लिटर आरओच्या पाण्यात दहा ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), दुसऱ्या लिटरमध्ये दहा ग्रॅम खायचा सोडा. कॉफीच्या एक लिटर आरओ पाण्यात पहिल्या बाटलीतले २० मिलिलिटर आणि दुसऱ्यातले ७. कडकपणा साधारण ८०, अल्कलिनिटी साधारण ४०, अगदी पुस्तकी पाणी. चव खरंच छान, मिश्रणापेक्षा जरा चकचकीत. पण रोज सकाळी ऑफिसच्या घाईत सिरिंजनं मोजत बसायचं माझ्याच्यानं होत नाही. पाहुणे आले, नवीन बिया आल्या, की करतो. एप्सम सॉल्ट औषधी दर्जाचं केमिस्टकडून घ्या. कृषी केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटची स्वस्त पिशवी मिळते, संत्र्याच्या बागांना फवारतात ती. ती झाडांसाठीच राहू द्या.

पैसे कुठे घालू नयेत तेही सांगतो. अल्कलाइन कार्ट्रिजवाले प्युरिफायर. विकणारा पीएच साडेआठ-नऊ दाखवून खूश असतो, आणि तेच पाणी कॉफीतलं आम्ल मारायला तयार बसलेलं असतं. त्या कार्ट्रिजचं पाणी मी एका मित्राकडे प्यायलो, कॉफी तर सोडाच, लिंबू सरबतही ढिम्म लागलं. वीस लिटरचे कॅनही भरवशाचे नाहीत, प्लँटगणिक पाणी बदलतं, एकाच महिन्यात तीन कॅन मोजले तर तीन आकडे. आणि मुळात नळाचं पाणी दोनशे टीडीएसचं असताना आरओ लागतोच का, हा प्रश्न आहेच. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याबद्दल केंद्राला सांगितलं होतं. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानकही ५०० पर्यंत टीडीएस आणि २०० पर्यंत कडकपणा चांगला मानतं. आमचा आरओ आधीपासून होता म्हणून वापरतोय. लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी नाल्यात जातं, ते बादलीत धरून फरशी पुसायला घेतो. नव्यानं घ्यायचा असता तर नळाच्या पाण्यावर कार्बन आणि यूव्हीचं यंत्र घेतलं असतं, आणि कॉफीपुरतं आरओचं पाणी शेजाऱ्यांकडून आणलं असतं. काका देतील.

दुधाचा चहा, चिकोरीवाली फिल्टर कॉफी, काळी भाजलेली रोबस्टा, यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. दूध आणि भाजणी पाण्याचे दोष झाकून टाकतात. कोरा चहा पिणाऱ्यांना मात्र लागतो. बोअरच्या पाण्यात त्याचा रंग गढूळ होतो आणि वर चकचकीत तवंग येतो, तो कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा उद्योग. त्यांनाही अर्धं-अर्धंच चालेल.

मिश्र पाण्यानं केटलमध्ये थर येतो, पण हळू. दीड-दोन महिन्यांनी एक चमचा लिंबूसत्त्व टाकून पाणी उकळा, अर्धा तास तसंच ठेवा, दोनदा धुवा.