योजनेत बसतं का? आईच्या डायलिसिसचे दहा महिने

आमचं रेशनकार्ड केशरी. आईने सोलापुरात तीसेक वर्षं विड्या वळल्या, मी कापडदुकानात कामाला. आईच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा पहिला फोन मी ओळखीच्या विमा एजंटाला लावला. तो सरळ बोलला, ‘आजार निघाल्यावर पॉलिसी कोण देणार? दिलीच, तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल.’

मग गल्लीतल्या आशाताईंनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं सांगितलं. हप्ता नाही, आजार जुना की नवा असा प्रश्न नाही, कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. केशरीवाल्यांना ती पूर्वीपासून होती, पण दीड लाखापर्यंतच. जुलै 2024 पासून मर्यादा वाढली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलं.

आमची चूक आधी सांगतो. घाबरून पहिले दोन डायलिसिस आणि मानेतली नळी रोख पैसे भरून केली. पावत्या घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे गेलो तर म्हणाले, ‘योजना कॅशलेस आहे दादा, भरलेले पैसे परत मिळत नाहीत.’ तातडीच्या पेशंटला फोनवरूनही मंजुरी मिळते, हे तेव्हा कळलं. बहिणीचं डोरलं अजून सोनाराकडेच आहे.

योजनेसाठी आयुष्मान कार्ड काढतानाची गंमत वेगळीच. विड्या वळून वळून आईच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. केंद्रातल्या पोराने मशीन पुसलं, आईचा अंगठा पुसला, दहाही बोटं लावून पाहिली. ओटीपी मागवावा, तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. शेवटी चेहऱ्याचा फोटो घेऊन जमलं. त्यात आधारवर आईच्या नावापुढे ‘बाई’, रेशनकार्डावर नुसतं नाव. त्यासाठी तहसीलला तीन खेपा, तीन बुडालेल्या हजेऱ्या.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन, योजनेत झाला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं आणि त्याचं बिल आम्ही एकदाही पाहिलेलं नाही. तरी घरात पैसा पुरत नाही. ओपीडी, अधूनमधूनच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या, रिक्षा हे सगळं आमच्या खिशातून जातं. फक्त रिक्षाचे महिन्याला सोळाशे! कुणी म्हणालं, ‘तुमचं काय, सगळं फुकट,’ की डोकं फिरतं.

सुरुवातीला एका खासगी दवाखान्यात ‘योजनेचे बेड भरले’ म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी काउंटरसमोरच उभं राहून योजनेचा हेल्पलाइन नंबर 155388 लावला, तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेड निघाला. कुठून निघाला ते मी विचारलं नाही.

दवाखाना योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका, आपला आजार तिथे योजनेत होतो का ते विचारा. काही ठिकाणी फक्त हाडांची ऑपरेशनं घेतात. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर तिथल्या समाजसेवकालाही भेटा. धर्मादाय नियमाने तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. आमचा मार्चमध्ये संपला, तो नवा काढायचा आहे. सोमवार-गुरुवार आईचं डायलिसिस, म्हणजे मंगळवारी सुट्टी मागावी लागणार.